गांजाबंदीच्या जाळ्यात नक्की कोण सापडतं?

आडवाट

गांजाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चेला दोनच फाटे फुटतात. एकीकडून 'अहो, शंकराचा प्रसाद तो, साधूबैरागी नाही का ओढत', तर दुसरीकडून 'आजची पोरं वाया चालली'. दोन्ही पार्ट्यांना विनंती, जरा दम धरा. गांजा चांगला की वाईट, हा या धाग्याचा विषय नाही. गांजा ओढला म्हणून माणसाला कोर्टात उभं करावं का, एवढाच प्रश्न आहे. माझं मत: करू नये.

आधी थोडं मागचं, कारण ही बंदी अनादी काळापासून चालत आली आहे असा अनेकांचा समज दिसतो. १९८५ पर्यंत कितीतरी राज्यांत गांजा अबकारी खात्याच्या परवान्यावर दुकानातून विकला जायचा. इंग्रजांच्या काळात बंगालमधल्या नौगावला आणि मध्य प्रांतातल्या खांडव्याला सरकारी देखरेखीखाली त्याची शेती होती. ब्रिटिश संसदेत त्यावर प्रश्न विचारला गेला, म्हणून १८९३ साली सरकारने आयोग नेमला. सात सदस्य, बाराशेच्या आसपास साक्षीदार आणि तीन हजारांहून जास्त पानांचा अहवाल. त्यातला वेड्यांच्या इस्पितळांवरचा भाग आजही वाचावा असा आहे. गांजाने वेड लागतं याचा पुरावा म्हणून तेव्हा या इस्पितळांच्या नोंदवह्या दाखवल्या जायच्या. आयोगाने त्यातली एकेक नोंद उकरून काढली. निघालं असं, की रुग्णाला घेऊन येणारा पोलीस 'वेडाचं कारण' या रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून 'गांजा' लिहून मोकळा व्हायचा, आणि इस्पितळाचा कारकून तेच वहीत उतरवायचा. बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय होत नाही, अति करणाऱ्यांना होतो. बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा निष्कर्ष १८९४ साली आला.

मग १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार. त्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीत नेऊन बसवलं. पानांना, म्हणजे आपल्या भांगेला, व्याख्येतून वगळलं आणि बाकीचा वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत दिली. ती संपत आली तेव्हा १९८५ च्या ऑगस्टमध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, विधेयक संसदेत आलं आणि १४ नोव्हेंबरला कायदा लागूसुद्धा झाला. तेव्हापासून एकाच झाडाचं पान चालतं आणि फुलोऱ्याचा शेंडा गुन्हा ठरतो. (महाराष्ट्रात भांगेलाही दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, ते वेगळंच.)

२०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १ कोटी ३० लाख लोकांनी वर्षभरात गांजा किंवा चरस घेतला होता. कलम २७ नुसार नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या लेखी हे १ कोटी ३० लाख गुन्हेगार. एवढ्यांना कोण पकडणार? मग जो हाताशी लागतो तो धरला जातो. मुंबईतल्या अशा खटल्यांचा अभ्यास विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने केला, त्यात सापडलेले बहुतेक जण फुटपाथवरचे, झोपडपट्टीतले, रोजंदारीवाले होते. सोसायटीच्या गच्चीवर ओढणारा पोरगा त्यात जवळजवळ नाहीच.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. कलम २७ जावं. अल्प प्रमाणात बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून बाहेर पडावं. व्यापार, तस्करी, लहान मुलांना विक्री, यांना आहे तशी शिक्षा राहू द्या. पानाच्या टपरीवर गांजा विकायला ठेवा असं मी आज म्हणत नाही, कृपया ते माझ्या तोंडी घालू नका.

---

बंडूनाना

छान. दारूने घरं बुडवली ते पुरलं नाही, म्हणून आता हेही. बंदी उठवली की काय होतं ते चंद्रपूरकरांना विचारा.

---

आडवाट

नाना, चंद्रपूर बरं आठवलं. १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ मध्ये सरकारने उठवली. बंदी का आली होती? गावोगावच्या बायकांनी मोर्चे काढले म्हणून. ते दुःख खोटं नव्हतं. पण मधल्या वर्षांत दारू शेजारच्या जिल्ह्यांतून यायची, बनावट यायची, आणि ती वाहून आणायला शाळकरी पोरं आणि बायका वापरल्या जायच्या. बंदी उठवताना सरकारने कारण दिलं तेही अवैध दारू आणि वाढलेल्या गुन्ह्यांचंच.

---

बंडूनाना

आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती नाही आठवली? तिथे डॉ. बंगांनी 'मुक्तिपथ' हे व्यसनमुक्तीचं अभियान चालवलंय. गावं स्वतःहून दारू बंद करतायत. राबवणारा खमक्या असला तर बंदी चालते. तुमचा सगळा मुद्दा 'पोलीस नीट काम करत नाहीत' एवढाच असेल तर पोलीस सुधारा, कायदा कशाला मोडता?

---

काळा_कोट

नानांचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे जरा आतलं सांगतो. मी जिल्हा न्यायालयात एनडीपीएसचे खटले चालवतो, आरोपीच्या बाजूने.

गांजाची मात्रा कायद्यात अशी आहे: एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यापारी', मधली 'मध्यम'. अल्पला एक वर्षापर्यंत कैद, मध्यमला दहा वर्षांपर्यंत, व्यापारीला किमान दहा आणि कमाल वीस. म्हणजे सगळा खेळ वजनाचा.

आता वजन कसं होतं ते बघा. टेम्पोत गोणी सापडते. पंच बोलावले जातात, इलेक्ट्रॉनिक काटा येतो, गोणी उचलून काट्यावर. एकवीस किलो चारशे ग्रॅम. पंचनाम्यात लिहिलं जातं: 'उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला ओलसर पदार्थ.' वाचताना कुणाला काही खटकणार नाही. पण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर ती धरायचीच नाहीत. काड्यांचं तर नावच नाही. मग सगळी गोणी तशीच तोलली तर खरा गांजा किती? अठरा किलो? बारा? मधल्या दोन-तीन किलो काड्यांवर माणसाची दहा वर्षं लटकलेली असतात. या एका मुद्द्यावर उच्च न्यायालयांत जामिनाचे ढीगभर अर्ज चालतात, आणि कुठे शेंडे वेगळे काढले नाहीत म्हणून जामीन मिळतो, तर कुठे 'हे खटल्यात बघू' म्हणून फेटाळला जातो.

फेटाळला तर पुढे काय? कलम ३७. व्यापारी मात्रेत जामीन द्यायचा तर आरोपी निर्दोष असल्याचं मानायला वाजवी कारण आहे आणि तो सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधीच. दोषारोपपत्राला नव्वद नाही, १८० दिवस. शिवाय कलम ३५ आणि ५४ मुळे मनात गुन्ह्याचा हेतू होता असं गृहीत धरूनच सुरुवात, तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं.

टेम्पोत असतं कोण? चालक आणि क्लीनर. माल भरणारा दुसऱ्या राज्यात, उतरवून घेणारा फोनवर. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत मालाचा खरा मालक क्वचितच आरोपी असतो. पोलीस अगदी धुतल्या तांदळासारखे असले तरी हे बदलत नाही, नाना. गोणीजवळ जो उभा त्याच्यावर कायद्याचा सगळा भार पडणार, अशीच त्याची रचना आहे.

---

डॉ_मनोहारी

मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते, कारण असे धागे बघता बघता 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' वर घसरतात.

होतं. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त युरोपातला मोठा अभ्यास आला. रोज गांजा घेणाऱ्यांत मनोविकृतीचा, म्हणजे भास-भ्रम होण्याचा, धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसला. रोज आणि कडक, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा (गांजातला नशा आणणारा घटक) माल घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. घरात आधी कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, किंवा पोरगं चौदा-पंधराव्या वर्षी सुरू करत असेल, तर माझ्या पोटात गोळाच येतो. १८९४ चा अहवाल मला सांगू नका. तेव्हाचा माल आणि आजचा माल एक नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९० च्या दशकाच्या मध्याला साधारण ४ टक्के टीएचसी असायचं, वीस वर्षांत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी धागाकर्त्याच्या बाजूची. हे पोरगं माझ्याकडे कधी येतं? 'कुणीतरी माझा पाठलाग करतंय' इथपर्यंत गेल्यावर. त्याआधीचं वर्षभर घरच्यांनी लपवलेलं असतं. डॉक्टरला सांगितलं तर पोलिसांत जाईल, कॉलेजमधून काढतील, हीच धास्ती. पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं, हे मानसोपचारात आता वादातीत आहे. ते वर्ष कायद्याच्या भीतीने खाल्लेलं असतं. गांजा धोकादायक आहे, एवढ्याचसाठी मला तो पोलीस ठाण्याऐवजी दवाखान्यात हवा आहे.

---

चहाबिस्कीट

डॉक्टरांना +१. एक शंका. कडक माल वाढला तो बंदी असल्यामुळे की बंदी उठल्यामुळे?

---

डॉ_मनोहारी

दोन्हीकडे वाढला, हीच गोम आहे. चोरून न्यायचं तर कमी जागेत जास्त नशा मावली पाहिजे, म्हणून बंदीत माल कडक होत जातो. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात बीअर मागे पडून व्हिस्की-जिन पुढे आल्या त्या यामुळेच. पण मोकळ्या बाजारातही कंपन्या कडक मालच खपवतात, कारण रोज घेणाऱ्या थोड्या लोकांवर त्यांचा बहुतेक धंदा उभा असतो. कोलोराडोत २०१४ पासून दुकानं आहेत. तिथे आता ६०-७० टक्क्यांचे अर्क मिळतात. तसलं काही आपल्याकडे येणार असेल तर मी रस्त्यावर उतरून विरोध करीन.

---

सातपुडा_पायथा

शहरातले लोक ओढणाऱ्याबद्दलच बोलता. पिकवणाऱ्याचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात वनजमिनीवर गांजाची शेती पकडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. कापूस किंवा तुरीच्या आत चार-पाच ओळी सोडून झाडं लावलेली असतात, बाहेरून दिसत नाहीत. बियाणं आणि उचल देणारा बाहेरचा. आदिवासी माणूस पाणी घालतो, राखण करतो, नर झाडं ओळखून उपटतो, कारण नर राहिला तर मादीला बी धरतं आणि मालाचा भाव पडतो. हे ज्ञान त्याच्याकडे आहे, पैसा दुसऱ्याकडे. धाड पडली की झाडं उपटून ढीग करतात, फोटो निघतो, पेपरात 'लाखोंचा गांजा नष्ट'. गुन्हा जमीन कसणाऱ्यावर.

काळा_कोट साहेब, लागवडीला एक किलोची सवलत असते का?

---

काळा_कोट

नसते. कलम २० चा पहिला भाग लागवडीचा, त्यात मात्राच नाही. पाच झाडं असोत की पाच एकर, दहा वर्षांपर्यंत कैद. प्रमाण बघून शिक्षा कमी-जास्त करणं न्यायाधीशांच्या मर्जीवर.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याच कायद्यातलं कलम १० राज्यांना लागवडीचे परवाने द्यायचा अधिकार देतं, आणि कलम १४ तंतूसाठी, बियांसाठी लागवड करू देतं. उत्तराखंडने २०१८ पासून ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसीच्या हेंपला, म्हणजे तंतूसाठी लावायच्या कमी नशेच्या वाणाला, परवाने दिले. हिमाचलनेही समिती नेमली आणि २०२४ मध्ये तिचा अहवाल विधानसभेने स्वीकारला. म्हणजे केंद्राचा कायदा बदलेपर्यंत राज्यांचे हात बांधलेले आहेत, हे पूर्ण खरं नाही.

---

सातपुडा_पायथा

हेंपचं आम्हाला नका सांगू. ०.३ टक्क्याचं बियाणं प्रयोगशाळेतून येणार, तपासणी प्रत्येक हंगामात, आणि उन्हात टीएचसी वाढून ०.४ झालं की पीक जाळा. ते कंपनीला परवडतं, दोन एकरवाल्याला नाही. आंध्र-ओडिशाच्या सीमेवर, मलकानगिरीकडे हजारो एकर गांजा जाळला. २०२१ मध्ये आंध्र पोलिसांनी त्यासाठी मोठी मोहीमच काढली होती. जाळायला यंत्रणा येते, दुसरं पीक विकून द्यायला कोण येतं? परवाने निघालेच तर पहिला हक्क ज्यांनी केसेस भोगल्या त्यांचा, असं कोणी लिहून देणार असेल तर मी तुमच्या बाजूने.

---

निशिगंध_

मी विरोधात आहे आणि माझं कारण पुस्तकी नाही. माझ्या भावाने आधी गांजा ओढला, मग एमडी (मेफेड्रोन) सुरू झालं. आईचे दागिने गेले, बाबांना बीपीचा त्रास सुरू झाला. समजावून काही होत नव्हतं. शेवटी एका ओळखीच्या पोलिसाने दम दिला, 'आत घालीन', तेव्हा तो व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाला. उद्या तुम्ही हा गुन्हाच काढून टाकलात तर आमच्यासारख्या घरांच्या हातात काय उरतं? वरचे सगळे प्रतिसाद वाचले, पण याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

---

आडवाट

निशिगंध, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

'गुन्हा नाही' म्हणजे 'काहीच नाही' असं नसतं. पोर्तुगालने २००१ मध्ये सगळ्याच अमली पदार्थांचं स्वतःपुरतं बाळगणं फौजदारीतून काढलं. तेव्हा तिथे हेरॉइनने थैमान घातलं होतं, दर शंभर माणसांमागे साधारण एक जण त्याच्या विळख्यात होता. दहा दिवस पुरेल एवढा माल सापडला तर पोलीस तो जप्त करतात आणि माणसाला तिघांच्या आयोगापुढे पाठवतात: कायद्याचा एक, आणि आरोग्य व समाजकार्य या बाजूचे दोघं. ते त्याच्याशी बोलतात. व्यसन असेल तर उपचाराकडे वळवतात. नुसता हौशी असेल तर समज देऊन सोडतात. पुन्हा पुन्हा आला तर दंड, परवान्यावर बंधनं. म्हणजे तुमच्या त्या पोलिसाने दिलेला दम तिथे आहेच, फक्त मागे तुरुंगाची कोठडी नाही आणि पुढे उपचाराची खाट तयार आहे. सुया टोचून घेणाऱ्यांतला एचआयव्ही त्यानंतर कमालीचा खाली आला.

उलट उदाहरणही लपवत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन तसंच केलं आणि २०२४ मध्ये मागे फिरलं. तिथे शंभर डॉलर दंडाची पावती हातात ठेवायचे, आणि हेल्पलाइनला फोन केला की ती माफ. फोन जवळजवळ कुणी केलाच नाही. उपचार केंद्रांचे पैसे उशिरा पोचले, आणि नेमकं त्याच काळात फेंटानिल ही हेरॉइनहून कडक नशा आली. पोर्तुगालने आधी खाटा उभ्या केल्या, ऑरेगनने आधी पावतीपुस्तक छापलं. आपल्याकडे हे व्हायचं असेल तर ऑरेगनसारखंच होईल अशी मला भीती आहे, म्हणून 'आधी उपचार, मग सवलत' हा क्रम मी सोडणार नाही.

---

निशिगंध_

भाऊ सहा महिन्यांनी परत सुरू झाला, हेही सांगायला हवं होतं. केंद्रात खाटेला खाट लागलेली, समुपदेशक दोन. तुमच्या पोर्तुगालच्या तिघांसारखं कुणी भेटलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. पण गुन्हा काढून टाकावा हे मला अजूनही पटलेलं नाही.

---

डॉ_मनोहारी

निशिगंध, भावाबद्दल एक कामाची गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार धरलेले आहेत. व्यक्ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तर तिने नेमलेल्या प्रतिनिधीच्या (कुणी नेमला नसेल तर नातेवाइकाच्या) अर्जावर, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर, तिच्या संमतीशिवायही मर्यादित काळासाठी दाखल करता येतं. म्हणजे घरच्यांच्या हातात पोलिसाच्या दमाशिवायही काहीतरी आहे. अनेक केंद्रांना हे माहीतच नसतं, किंवा कागदपत्रं नकोत म्हणून ती गप्प बसतात.

---

हिरवी_पट्टी

मी कर्करोग रुग्णालयात नर्स होते. विषय गांजाचा आहे, पण एनडीपीएसचा निघाला म्हणून राहवत नाही.

या कायद्याने सर्वांत जास्त कुणाला छळलं असेल तर ते वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना. मॉर्फिन अफूपासून होतं, आणि कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. तरीही १९८५ नंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पार रसातळाला गेला. एका रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-चार, पाच-पाच परवाने लागायचे, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. नोंदवहीत एका गोळीचा फरक आला तर दहा वर्षांची टांगती तलवार. मग कोण ठेवणार? औषध दुकानदारांनी हात वर केले, आणि पुढे डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन लिहायला न शिकताच बाहेर पडली. हाडांत पसरलेला कर्करोग आणि हातात पॅरासिटामॉल, असे रुग्ण मी बघितलेत. रात्रपाळीला त्यांच्या खोलीत जायला पाय उचलायचा नाही.

केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन हे परवाने एका जागी आले. म्हणजे हा कायदा बदलता येतो. आणि बदलला तेव्हा देशात कुठेही मॉर्फिनचा पूर आला नाही. अजूनही बहुतेक जिल्ह्यांत ते मिळतच नाही, कारण कागद बदलला तरी भीती गेलेली नाही.

---

चहाबिस्कीट

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, ताई.

---

बंडूनाना

हिरवी पट्टी यांचं सगळं मान्य. औषधाला कोण नाही म्हणतो? पण थायलंडचंही कुणी बोला. २०२२ ला मोकळं केलं, गल्लोगल्ली दुकानं निघाली, आणि २०२५ ला परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. एकदा दुकान उघडलं की पुढाऱ्याचा भाचा परवाना घेणार, शाळेशेजारी टपरी टाकणार, वरून सरकारला महसूल प्यारा. दारूच्या महसुलापायी कुठल्या सरकारने लाज बाळगली आहे?

---

आडवाट

नाना, यात तुमच्याशी माझं भांडणच नाही. थायलंडने यादीतून नाव काढलं आणि नियमांचा कायदा मात्र केलाच नाही, म्हणून फसलं. कंपन्यांना मोकळं रान देण्यापेक्षा जर्मनीचं बघा: १ एप्रिल २०२४ पासून प्रौढाला बाहेर २५ ग्रॅम, घरी तीन झाडं, आणि त्याच वर्षी जुलैपासून जास्तीत जास्त ५०० सभासदांची ना-नफा मंडळं. दुकान नाही, जाहिरात नाही. उरुग्वेत २०१३ च्या कायद्याने सरकारच पिकवून घेतं आणि औषध दुकानातून नोंदणी केलेल्या माणसाला महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत मिळतं. कंटाळवाणं आहे. कंटाळवाणंच असावं.

आणि आपलं सरकार काय करतं बघा. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५ मतांनी ठराव झाला आणि भारताने बाजूने मत दिलं. त्याआधी दोन-तीन महिने आपली चॅनेलं नटनट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट वाचून दाखवत होती. व्हिएन्नात एक भूमिका, अंधेरीत दुसरी.

---

बंडूनाना

मंडळं काढा, नाहीतर उरुग्वेला जा, माझा विरोध कायम. पण त्या क्लीनरला दहा वर्षं आणि मालक मोकळा, हे बरोबर नाही एवढं मी लिहून देतो.

---

एक_वाचक_०७

फक्त वाचायला आलो होतो, पण विचारतो. नात्यातल्या एका मुलाकडे दहा-बारा ग्रॅम सापडला. वय १९. सगळे म्हणतायत, गुन्हा कबूल कर, दंड भर, एका दिवसात विषय संपेल. तसं करावं का?

---

काळा_कोट

थांबा. कबूल करून दंड भरला म्हणजे ती दोषसिद्धी झाली. पुढे सरकारी नोकरीचा अर्ज, पोलीस पडताळणी, परदेशी व्हिसा, जिथे जिथे 'कधी शिक्षा झाली आहे का' विचारतील तिथे 'हो' लिहावं लागेल. मुंबईत अशी कबुलीची प्रकरणं रोज निघतात, आणि पोरांना हे कुणी सांगतच नाही.

दहा-बारा ग्रॅम अल्प मात्रेत येतं, कलम ३७ च्या कडक अटी इथे लागू नाहीत. जामिनाची फार चिंता करू नका. आधी वकील द्या, परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, फुकट मिळतो. मुलगा खरोखर व्यसनात असेल तर कलम ६४अ बघा: सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेतले तर सेवन आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. केंद्राचं पत्र, दाखल तारीख, डॉक्टरचा अहवाल, सगळं जपून ठेवा.

अडचण एकच. हे संरक्षण फक्त व्यसनी माणसाला आहे. तुमचा मुलगा कधीतरी मित्रांसोबत ओढणारा असेल, तर कलम ६४अ त्याच्या कामाचं नाही. जास्त बिघडलेल्याला कायदा सोडतो, कमी बिघडलेल्याला शिक्षा देतो. तशा वेळी सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल), पंचनामा आणि वजन नीट तपासून खटला लढवायचा. पंचनाम्याची प्रत मिळाली असेल तर नावं खोडून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघतो.